चढावर मिसिंग, सपाटीवर ठीक: तीनदा परत आलेला बिघाड शेवटी कुठे सापडला

खोपोली मागे पडून खंडाळ्याचा चढ लागला, की चौथ्या गिअरमध्ये साडेतीन हजार आरपीएमच्या आसपास गाडी गचके द्यायला लागायची. आधी एक बारीक ठेच, मग लागोपाठ दोन-तीन, आणि डॅशबोर्डवर चेक इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकायला सुरुवात. पाय उचलला की गचके थांबायचे, पण पिकअप गेलेला असायचा. जी गाडी एरवी त्या चढावर ओव्हरटेक करताना विचार करू देत नाही, ती ट्रकच्या मागे तिसऱ्या गिअरमध्ये कण्हत चढायची. लोणावळ्याला चहा घेऊन, इंजिन बंद करून पुन्हा चावी फिरवली की पुण्यापर्यंत एकही गचका नाही.

ही तक्रार दहा महिन्यांत तीनदा दुरुस्त झाली आणि तीनदा परत आली. चौथ्या वेळी मूळ सापडलं. ज्यांची गाडी अशीच पुन्हापुन्हा गॅरेजला जाते आहे, त्यांना उपयोग व्हावा म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

गाडी दोन दारांची स्पोर्ट्स कूपे. दोन लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो पेट्रोल इंजिन, पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारं, प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतःची कॉईल, म्हणजे ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग. सेकंडहँड घेतली तेव्हा ६२,००० किलोमीटर झाले होते. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण याच घडणीचं इंजिन अनेक कंपन्या वापरतात आणि खाली लिहिलेली तपासणी त्या सगळ्यांना लागू पडते.

लुकलुकणारा दिवा आणि स्थिर दिवा

सगळ्यात आधी हे, कारण यात नुकसान पटकन होतं. चेक इंजिनचा दिवा स्थिर पेटलेला असेल तर गाडी सावकाश घरी नेता येते. दिवा लुकलुकत असेल तर त्याचा अर्थ असा, की मिसिंग, म्हणजे सिलिंडरमधलं पेट्रोल न जळता धक्का चुकणं, इतकं वाढलं आहे की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा भाग, खराब होऊ शकतो. न जळलेलं पेट्रोल आणि हवा एक्झॉस्टमधून पुढे जाते, कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळते, आणि आतली मधाच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी हजार अंशांच्या वर तापून वितळू लागते. जाळी वितळली की एक्झॉस्टची वाट बुजते. मग मिसिंग दुरुस्त झालं तरी पिकअप येत नाही, आणि माणूस पुन्हा प्लग-कॉईलच बदलत बसतो. म्हणून दिवा लुकलुकला की पाय उचला, इंजिनावरचा भार कमी करा. तरीही लुकलुकणं थांबत नसेल तर गाडी बाजूला घ्या.

ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, मिसिंग कळतं ते क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, वेगावरून. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या दर अर्ध्या फेऱ्याला एक धक्का मिळतो. क्रँक सेन्सर दातेरी चाकाचे दात मोजत असतो. एखादा धक्का चुकला की त्या अर्ध्या फेऱ्यात क्रँक किंचित मंदावतो, आणि तो धक्का कुणाच्या वाट्याचा होता हे ईसीयूला माहीत असतं. त्यावरून पी०३०१ ते पी०३०४ हे कोड येतात, शेवटचा आकडा सिलिंडरचा. पी०३०० म्हणजे एकाच सिलिंडरवर बोट ठेवता येत नाही. मिसिंग जास्त झालं तर बऱ्याच गाड्यांचा ईसीयू त्या सिलिंडरचं पेट्रोल बंद करतो आणि टर्बोचा दाबही खाली आणतो. चढावर पिकअप जायचा तो यामुळे, आणि चावी बंद-चालू केल्यावर परत यायचा तोही यामुळेच.

तीन दुरुस्त्या

पहिल्या वेळी कोड आला पी०३०२. गॅरेजच्या मेस्त्रींनी चारही प्लग बदलले. जुने प्लग खरंच झिजलेले होते, गॅप वाढलेला होता, त्यामुळे कुणालाच शंका आली नाही. गाडी साधारण नऊशे किलोमीटर उत्तम चालली आणि मग त्याच चढावर पुन्हा तेच.

दुसऱ्या वेळी मेस्त्रींनी अदलाबदल करून पाहिली. ही फार चांगली पद्धत आहे, हिला पैसे लागत नाहीत, आणि प्रत्येकाने आधी हेच करावं. दोन नंबरची कॉईल चार नंबरवर लावली, चारची दोनवर. कोड पुसला, गाडी चढावर नेली. आता कोड आला पी०३०४. म्हणजे मिसिंग कॉईलबरोबर गेलं. कॉईल दोषी ठरली, नवीन अस्सल कॉईल बसवली, आणि दोन महिने गाडी मस्त चालली.

मग पुन्हा पी०३०२. नवीन कॉईल असताना.

तिसऱ्या वेळी संशय इंजेक्टरवर गेला. इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटून देणारा नळ्यांचा भाग, उतरवून इंजेक्टर काढले, मशीनवर साफ केले, सील बदलून परत बसवले. यानंतर गाडी तीन आठवडे चालली. चौथ्या वेळी गेलो तेव्हा हाय प्रेशर पंप बदलायचा सल्ला मिळाला. आकडा लाखाच्या वर होता. तेव्हा मी म्हटलं, “काका, आठ दिवस द्या. पंप टाकायच्या आधी मी सगळी रीडिंग घेतो.” ते म्हणाले, “घ्या साहेब, मलाही ही गाडी झोपू देत नाही.”

त्या रात्री तिन्ही बिलं समोर ठेवली. प्लग, कॉईल, इंजेक्टर हे तीन वेगवेगळे भाग, आणि तिन्ही बदलल्यावर गाडी काही काळ बरी झाली. एकाच वेळी तिघे दोषी असणं शक्य नव्हतं. मग तिन्ही कामांत समान काय झालं होतं? तिन्ही वेळा चारही कॉईल वर काढल्या गेल्या होत्या, प्लगच्या होलमध्ये कपडा फिरला होता, आणि कॉईल परत दाबून बसवल्या होत्या. पुढचा सगळा शोध या एका प्रश्नाने सोपा केला. तुमचा बिघाड परत येत असेल तर कोणता भाग बदलला हे बाजूला ठेवा आणि तो भाग बदलताना आणखी कशाकशाला हात लागला ते लिहून काढा. तात्पुरता आराम कशाने मिळाला हे त्यात दडलेलं असतं.

पुसण्याआधी वाचा

कोड पुसण्याची घाई करू नका. कोड नोंदवला जातो त्या क्षणाची एक नोंद ईसीयू ठेवतो, तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. कोड पुसला की ती जाते. साधा ईएलएम ३२७ प्रकारचा ब्लूटूथ डोंगल आणि मोबाईलवरचं ॲप असलं तरी ती वाचता येते. माझ्या गाडीची नोंद अशी होती: ३,४०० आरपीएम, इंजिन लोड ९२ टक्के, कूलंट ९४ अंश, वेग ताशी ७८ किलोमीटर. म्हणजे गरम इंजिन, मधला आरपीएम, जवळजवळ पूर्ण भार, टर्बो पूर्ण दाबावर.

यातून पुष्कळ कळतं. सिलिंडरमधला दाब जितका जास्त, तितकी ठिणगीला प्लगच्या फटीतून उडी मारायला जास्त व्होल्टेज लागते. आयडलिंगला दहा-बारा हजार व्होल्टमध्ये भागतं, टर्बोच्या पूर्ण दाबाखाली तीच गरज पंचवीस हजारांच्या पुढे जाते. कॉईलच्या रबरी बुटात किंवा प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर कुठे कच्ची जागा असेल तर आयडलिंगला काहीच जाणवत नाही. भार वाढला की ठिणगीला फटीपेक्षा बाहेरून हेडच्या धातूकडे पळणं सोपं जातं. म्हणून फक्त भाराखाली होणाऱ्या मिसिंगमध्ये इग्निशन पहिला संशयित. टर्बो गाड्यांत प्लगचा गॅपही याच कारणाने कमी ठेवतात, बहुतेकांत ०.७ ते ०.८ मिलिमीटर. “आयरिडियम प्लगचा गॅप कंपनीतून सेट होऊन येतो” म्हणून न मोजता बसवू नका. मोजाच, फक्त फीलर गेज त्या नाजूक टोकावर दाबू नका.

पंपाचा प्रश्न एका फेरीत निकाली निघाला. चढावर शेजारी मित्राला बसवून त्याच्याकडून लाईव्ह डेटा रेकॉर्ड करून घेतला. गाडी चालवताना स्वतः मोबाईलकडे बघू नका. ईसीयूने मागितलेला रेल प्रेशर, म्हणजे इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या पाईपमधला दाब, आणि प्रत्यक्षातला रेल प्रेशर पूर्ण भारावरही जोडीने वर जात होते, दोन-तीन बारचा फरक. पंप थकलेला असता तर मागणी वर आणि प्रत्यक्ष आकडा खाली, अशी कात्री उघडताना दिसली असती आणि बहुधा पी००८७ कोडही आला असता. लाखाचा पंप वाचला.

टर्बोचा दाब मात्र मागणीपेक्षा सतत थोडा कमी होता. कोड येण्याइतका नव्हे, पण फरक होता. हे मी वहीत लिहून ठेवलं.

फ्युएल ट्रिमने दाखवलेली दिशा

खरी खूण सापडली ती आयडलिंगला, जिथे गाडीची काही तक्रारच नव्हती. फ्युएल ट्रिम म्हणजे ईसीयू आपल्या ठरलेल्या हिशेबापेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी पेट्रोल देतो आहे तो आकडा. तब्येत बरी असलेल्या गाडीत लाँग टर्म ट्रिम, म्हणजे बराच काळ टिकून राहिलेला आकडा, साधारण अधिक-उणे पाचच्या आत राहतो, दहाच्या पुढे गेला की शोध घ्यावा. माझ्या गाडीत आयडलिंगला अधिक १४, आणि अडीच हजार आरपीएमला अधिक ४.

एअर फ्लो सेन्सरवर, म्हणजे आत येणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरवर, चालणाऱ्या इंजिनात हा नमुना ओळखीचा आहे. सेन्सरच्या पुढे कुठेतरी न मोजलेली हवा आत शिरते. आयडलिंगला इंजिन हवा थोडी घेतं आणि मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम जोरात असतो, त्यामुळे त्या चोरवाटेच्या हवेचं प्रमाण मोठं. आरपीएम वाढला की मोजलेली हवा इतकी वाढते की तीच गळती नगण्य ठरते. उलट नमुना, म्हणजे आयडलिंगला ठीक आणि भार वाढेल तसा ट्रिम वर, हा पेट्रोलचा पुरवठा कमी पडतो किंवा एअर फ्लो सेन्सर मळला आहे असं सांगतो. मॅनिफोल्डच्या दाबावरून हवा मोजणाऱ्या गाडीला हा नियम असाच लागू होत नाही, तिथे गळती बहुतेकदा वाढलेल्या आयडलिंगच्या रूपात दिसते.

इथे इथेनॉलचाही विचार करावा लागतो. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला हवेचे साधारण १४.७ भाग लागतात, इथेनॉलला नऊच. २० टक्के मिश्रणाला ते प्रमाण साडेतेराच्या आसपास येतं. त्यामुळे जुन्या कॅलिब्रेशनच्या गाडीत ई-२० भरल्यावर ट्रिम काही टक्के वर सरकणं स्वाभाविक आहे. पण ती वाढ सगळ्या आरपीएमला सारखी दिसते. माझ्या गाडीत आयडलिंग आणि अडीच हजार यांत दहा टक्क्यांची तफावत होती, तिला पेट्रोल जबाबदार असू शकत नाही.

आणखी एक फसवणूक लक्षात असू द्या. सिलिंडर मिस झाला की त्यातली न वापरलेली हवा तशीच एक्झॉस्टमध्ये जाते, ऑक्सिजन सेन्सर तिला बघून मिश्रण पातळ आहे असं समजतो, आणि ट्रिम वर जातो. म्हणून ट्रिम वाचायचा तो गाडी मिस करत नसताना.

हातमोज्याची चाचणी

आता दोन धागे हातात होते. चढावर इग्निशन कमी पडतं, आयडलिंगला चोरटी हवा शिरते. एका इंजिनात दोन स्वतंत्र आजार असू शकतात, पण दोन्हींना जोडणारी एखादी जागा आहे का हे आधी बघावं.

सकाळी इंजिन गरम करून बॉनेट उघडलं, आयडलिंगला ठेवलं आणि ऑईल भरायचं झाकण काढायला गेलो. झाकण फिरलं पण वर येईना. आतून कुणी धरून ठेवल्यासारखं. जोर लावल्यावर फस्स आवाज करत सुटलं आणि आयडलिंग लगेच धडधडायला लागलं. झाकण काढल्यावर आयडलिंग थोडं बिघडणं अनेक गाड्यांत चालतं, पण झाकण इतकं ओढून धरलं जाणं चालत नाही. खात्री करायला औषधाच्या दुकानात मिळणारा पातळ हातमोजा त्या तोंडावर ताणला आणि रबरबँडचे चार वेढे घट्ट मारले, आत ओढला जाऊ नये म्हणून. निरोगी इंजिनात मोजा मध्यभागी जरासा खोलगट होतो. माझा मोजा क्षणात आत गेला, पाचही बोटं उलटी होऊन खाली, आणि रबर पांढुरकं दिसेपर्यंत ताणलं गेलं. लगेच इंजिन बंद केलं.

क्रँककेसमधली, म्हणजे क्रँक फिरतो त्या इंजिनाच्या खालच्या पोकळीतली, वाफ आणि पिस्टन रिंगांच्या बाजूने उतरणारा वायू इनटेककडे न्यायला टॅपेट कव्हरवर, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणावर, एक ब्रीदर व्हॉल्व्ह असतो, पीसीव्ही. त्याच्या आत रबराचा पातळ पडदा असतो. तो क्रँककेसमधला व्हॅक्यूम हलका ठेवतो. शिवाय एक एकदिशा झडप असते, टर्बोचा दाब मॅनिफोल्डमधून उलटा क्रँककेसमध्ये शिरू नये म्हणून. या व्हॉल्व्हच्या झाकणावर सुईच्या अग्राएवढं एक भोक असतं. इंजिन पुन्हा चालू करून कान जवळ नेला तर तिथून बारीक शिट्टी ऐकू येत होती. पंखा आणि बेल्टपासून दूर राहून त्या भोकावर बोट ठेवलं. शिट्टी थांबली, इंजिन गप्प झालं, आणि मोबाईलवर क्षणोक्षणी बदलणारा शॉर्ट टर्म ट्रिम डोळ्यांदेखत खाली यायला लागला. पडदा फाटला होता.

व्हॉल्व्ह काढल्यावर एकदिशा झडपही तपासली. स्वच्छ नळी लावून तोंडाने फुंकलं. हवा एकाच बाजूने जायला हवी होती, दोन्ही बाजूंनी जात होती. झडपेचं रबर कडक होऊन कडेला वळलं होतं.

म्हणजे आयडलिंगला फाटक्या पडद्यातून बाहेरची हवा आत, आणि चढावर टर्बो जोरात असताना नेमकं उलट, तोच दाब झडपेतून क्रँककेसमध्ये. टर्बोचा जो थोडा दाब कमी दिसत होता तो इथे मुरत होता. आणि क्रँककेसमध्ये दाब वाढला की ऑईल मिळेल त्या सीलमधून बाहेरची वाट शोधतं.

दोन नंबरचा होल

कॉईल यावेळी मी स्वतः काढली, घाई न करता. दोन नंबरची कॉईल वर येताना चप्प असा आवाज आला. बुटाचं टोक चिकट, काळपट ऑईलने माखलेलं. बोटांत धरून दाबलं तर रबर ओल्या पावासारखं मऊ, आणि चार नंबरच्या बुटापेक्षा स्पष्ट जाड झालेलं. टॉर्च मारली तर प्लगच्या षटकोनाभोवती ऑईलचं तळं चमकत होतं. तीन नंबरमध्ये थोडा ओलावा, एक आणि चार कोरडे.

ऑईल आधी शोषून घ्यायचं आणि मगच प्लग सोडवायचा, नाहीतर ते सगळं सिलिंडरमध्ये उतरतं. मोठ्या सिरिंजला बारीक नळी लावून ओढलं, मग स्क्रूड्रायव्हरला गुंडाळलेल्या कपड्याने टिपलं, मग प्लग काढला. त्याच्या पांढऱ्या चिनी मातीवर वरपासून लोखंडी कडेपर्यंत पेन्सिलने ओढल्यासारखी एक काळी, नागमोडी रेघ होती. ठिणगी पळण्याची वाट तीच. ही रेघ एकदा उमटली की पुसून जात नाही, तिच्यात कार्बन बसलेला असतो आणि पुढची प्रत्येक ठिणगी तिकडेच धाव घेते. समोरच्या बुटाच्या आतल्या भिंतीवरही तशीच रेघ उमटते. म्हणून नुसता प्लग बदलला तर जुना बूट नव्या प्लगला तीच वाट शिकवतो, आणि नुसती कॉईल बदलली तर जुना प्लग नव्या कॉईलला.

ताजं ऑईल स्वतः वीज वाहून नेत नाही. घात होतो तो बूट फुगून सैल पडतो, ऑईलमध्ये काजळी आणि धूळ बसते, आणि त्या फटीत ठिणगीला वाट मिळते म्हणून. यामुळेच प्रत्येक दुरुस्तीनंतर काही आठवडे बरं वाटत होतं. कपड्याने होल पुसला जायचा, मग प्रत्येक चढावर थोडंथोडं ऑईल पुन्हा साठायचं. अदलाबदलीच्या चाचणीने कॉईल खराब आहे हे बरोबरच सांगितलं होतं. ती का खराब होते आहे, हे सांगणं त्या चाचणीचं काम नव्हतं. मेस्त्रींना त्या वेळी ऑईल दिसलं होतं का, हे मी विचारलं. ते म्हणाले, “थोडं होतं साहेब, पुसून घेतलं.” त्यांनी वाईट हेतूने काही केलं नाही. पण गॅरेजमध्ये हा प्रश्न आवर्जून विचारा: होलमध्ये ऑईल होतं का, किती होतं, कोणत्या नंबरात होतं.

काम काय केलं

नवीन पीसीव्ही व्हॉल्व्ह. टॅपेट कव्हरचं पॅकिंग, आणि त्याबरोबर प्लगच्या होलभोवतीचे चार गोल सील. हे सील पॅकिंगच्या सेटमध्ये येतात का हे विकत घेतानाच विचारा, काही सेटमध्ये ते वेगळे घ्यावे लागतात. चार प्लग. दोन आणि तीन नंबरच्या कॉईल. एक आणि चारचे बूट कोरडे होते, ते ठेवले.

पॅकिंगच्या कामात दोन गोष्टींवर अडून बसा. कव्हरचे बोल्ट मध्यभागातून बाहेरच्या बाजूला, दोन टप्प्यांत, टॉर्क रेंचनेच आवळायचे. ते दहा न्यूटन-मीटरच्या आसपासचे लहान बोल्ट असतात आणि अंदाजाने आवळले की कव्हर वाकतं, मग नवीन पॅकिंगही गळतं. आणि प्लगही टॉर्क रेंचनेच, तुमच्या गाडीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्याला. इंजिन थंड असताना. बहुतेक नव्या प्लगच्या आट्यांवर मुलामा असतो, त्यावर ग्रीस लावू नका, टॉर्क खोटा दाखवतो. बुटाच्या आतल्या कडेला मात्र वीज न वाहणाऱ्या डायइलेक्ट्रिक ग्रीसचा अगदी पातळ थर द्यावा, पुढच्या वेळी बूट फाटत नाही.

जुन्या गाड्यांवर हात बसलेले काही मेस्त्री चालू इंजिनावर एकेक कॉईल उपटून कोणता सिलिंडर मिस करतो ते बघतात. या गाड्यांत तसं करू देऊ नका. मोकळी सुटलेली ठिणगी ईसीयूपर्यंत जाऊ शकते, आणि तेवढा वेळ कच्चं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जातं. चांगल्या स्कॅनरमधून एकेक सिलिंडर बंद करून बघता येतो, तेच करावं. आणि रेलच्या पाईपला पाना लावायचा असेल तर आधी प्रेशर उतरवलं आहे का ते विचारा, तिथे १५० बारच्या वर दाब असतो.

तुमची लक्षणं वेगळी असतील तर

सकाळी थंड इंजिन दोन मिनिटं थरथरत असेल, मग गरम झाल्यावर ठीक, आणि गाडी डायरेक्ट इंजेक्शनची असेल, तर इनटेक व्हॉल्व्हवरचा कार्बन बघा. या इंजिनांत पेट्रोल व्हॉल्व्हच्या पाठीवरून जात नाही, त्यामुळे ब्रीदरमधून येणारी ऑईलची वाफ तिथे बसून जळते आणि काळी खपली धरते. टाकीत ओतायचं औषध तिथपर्यंत पोहोचतच नाही. मॅनिफोल्ड उतरवून अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या जोराने मारून ती साफ करतात, आणि त्याचा खरंच उपयोग होतो.

मिसिंग अजिबात नाही, कोड नाही, फक्त पिकअप गेला, असं असेल तर प्लगकडे जाऊच नका. इंटरकूलरचे, म्हणजे टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या भागाचे, होज हाताने हलवून बघा. एखादा क्लॅम्प सैल होऊन होज भाराखाली उघडतो आणि आयडलिंगला परत बसतो, त्याच्या सांध्यावर ऑईलची ओल दिसते. धूर भरून करायची गळती चाचणी इथे सोन्यासारखी आहे. मे महिन्यात दुपारी ट्रॅफिकमधून सुटून लगेच रेस दिली आणि गाडी मंद वाटली, तर इंटरकूलर तापलेला असणं आणि नॉकिंग, म्हणजे पेट्रोलचं अवेळी भडकणं, टाळायला ईसीयूने ठिणगीचं टायमिंग मागे घेतलेलं असणं हे दोन्ही शक्य आहे, आणि तो बिघाड नाही. टायमिंग किती अंश मागे जातं ते लॉगमध्ये दिसतं. टाकी रिकामी होत आल्यावर ९५ किंवा त्यावरच्या ऑक्टेनचं पेट्रोल भरून तोच रस्ता, तीच वेळ, असा लॉग पुन्हा घ्या आणि ताडून पाहा.

पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहिली आणि मग सगळेच सिलिंडर मिस करू लागले, तर टाकीत पाणी आहे का ते आधी बघा. इथेनॉल हवेतली ओल धरतं, आणि प्रमाणाबाहेर ओल आली की पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाला वेगळं होतं, पंप जिथून ओढतो नेमकं तिथे. काचेच्या स्वच्छ बाटलीत थोडं पेट्रोल काढून तासभर स्थिर ठेवलं तर दोन थर डोळ्यांना दिसतात.

एकाच सिलिंडरवर मिसिंग चिकटून बसलं, प्लग, कॉईल, इंजेक्टर तिन्ही हलवून पाहिले तरी ते जागचं हलत नाही, तर कॉम्प्रेशन मोजा. पेट्रोल आणि इग्निशन बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी चार्ज केलेली. चारही आकड्यांत दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑईल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड पॅकिंग.

कन्व्हर्टरचं काय झालं

इतके महिने अधूनमधून दिवा लुकलुकला होता, त्यामुळे काम झाल्यावर मला कन्व्हर्टरची धास्ती होती. पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या जागी प्रेशर गेज लावला. आयडलिंगला काटा जेमतेम हलला, अडीच हजार आरपीएमला ०.१ बारच्या खाली राहिला. ०.२ बारच्या पुढे गेला असता तर जाळी बुजली आहे असं धरून चाललो असतो. गचका आला की लगेच पाय उचलण्याची सवय होती, तिने तो वाचवला असं मला वाटतं.

आयडलिंगचा ट्रिम आता अधिक ३, अडीच हजारला अधिक २. हातमोजा मध्यभागी बशीइतका खोल होतो आणि तिथेच थांबतो. टर्बोचा दाब मागणीला चिकटून आहे. काम झाल्यापासून ४,८०० किलोमीटर झाले, त्यात खंडाळ्याचा चढ अकरा वेळा, त्यातल्या दोन फेऱ्या जुलैच्या भर पावसात. गेल्या रविवारी कॉईल पुन्हा वर काढल्या. दोन नंबरच्या होलमध्ये पांढरा कपडा तळापर्यंत फिरवला, तो कोरडा वर आला. दहा हजारला पुन्हा एकदा फिरवणार आहे.